भिंतीकडचा दांडा

ट्रेलरच्या दोन्ही कडांना जे लोखंडी खांब उभे असतात, त्यांना आमच्या कारखान्यात खुंटा म्हणतात. पाईप, ओंडके, विजेचे खांब असा लांब आणि गोल माल त्यांच्या आधारानं गाडीवर टिकतो. रस्त्यात हे खुंटे घट्ट उभे राहायला हवेत आणि माल उतरवताना झटक्यात आडवे व्हायला हवेत. एवढीच अपेक्षा. या एवढ्याशा अपेक्षेनं माझं गेलं वर्ष खाल्लं.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही जयपूरला आलो. प्रताप नगरात घर मिळालं आणि सांगानेरच्या पुढं ट्रेलर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मला नोकरी मिळाली. तिथं इंजिनिअरिंग शिकलेली मी एकटीच. सगळे मला मॅडमजी म्हणतात. मालक मात्र ‘बेटाजी’ म्हणतात. त्यांनी बेटाजी म्हटलं की ओळखायचं, नकार येतोय, नाहीतर काम गळ्यात पडतंय.

खुंट्याचं काम मी मागून घेतलं होतं. त्यामागं एक कारण होतं, पण ते मालकांना सांगण्यासारखं नव्हतं.

माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात लाकडाच्या वखारीत हमाल होते. तिथं ट्रकवर लोखंडी खुंटे नसत. जाड बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, कडेला उभ्या ठोकत आणि वरून साखळी आवळत. माल उतरवायचा म्हणजे कुणीतरी बल्लीच्या बुडाशी उभं राहून कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट पाठीनं, ती ठोकून काढायची आणि पळायचं. मी तिसरीत असताना बाबांना पळायला अर्धा क्षण उशीर झाला. डाव्या पायाची दोन बोटं गेली आणि उरलेलं पाऊल वाकडं झालं. त्यानंतर वखारीच्या मालकानं त्यांना फाटकावर बसवलं. बाबा त्याबद्दल अजूनही त्या मालकाचे उपकार मानतात.

त्यांना माझ्या शिक्षणाबद्दल जी भक्ती आहे, ती मला कधीकधी जड होते. पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला ते आले, तेव्हा ऑफिसच्या बाहेर चपला काढून उभे राहिले. सगळे चपला घालून आत जात होते. मी शरमेनं म्हटलं, “बाबा, घाला की.” ते म्हणाले, “असू दे. तुह्या कागदावर सही होऊन रायली आतमंदी.” आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी आपला ड्रॉइंग बोर्ड मला दिला होता. तो बाबा घरात जमिनीवर टेकू देत नसत. या दोघांमुळं मी शिकले. ते ऋण मी रोज आठवते. पण भक्ती करणारा माणूस आपल्याला चूक दाखवत नाही, हे कळायला मला जयपूरला यावं लागलं.

तर खुंटा. जुन्या पद्धतीत खुंट्याच्या बुडाशी एक खीळ असते. ती ओढली की खुंटा सुटतो. पण ती ओढणारा माणूस नेमका तिथंच उभा असतो जिथं माल कोसळणार. हायड्रा क्रेन असेल तर प्रश्न नसतो. माल वरच्या वर उचलला जातो. लहान यार्डात क्रेन नसते. तिथं गाडीला दोन तिरपे गर्डर टेकवतात, खुंटे पाडतात आणि पाईप लोळवत खाली सोडतात.

मी असं केलं, की उजव्या बाजूच्या खुंट्यांची खीळ डाव्या बाजूनं सुटेल आणि डाव्या बाजूची उजव्या. गाडीच्या पोटाखालून एक सळई आडवी नेली आणि तिच्या टोकाला दांडा बसवला. माणूस मालाच्या पलीकडं सुरक्षित उभा राहील, दांडा ओढेल, खुंटे त्याच्यापासून लांब आडवे होतील. कागदावर ते फार सुंदर दिसत होतं. सळईची लांबी, स्प्रिंगचा ताण, खिळीचा उतार, सगळं मी तीन वेळा तपासलं आणि खाली सही केली.

पहिला त्रास आमच्या मिस्त्रीजींनी दिला. साठीला आलेले, वेल्डिंगमध्ये हात असा की शिवण दिसू नये. पण त्यांचा एक नियम आहे: जे हलतं ते चोरीला जातं. ट्रेलरवरचं काहीही हलताना दिसलं की ते त्याला वेल्डिंगचा टाका मारतात. पहिला ट्रेलर तयार झाला तेव्हा मी दांडा ओढून पाहिला. हलेना. वाकून पाहिलं तर सुबक टाका.

“मिस्त्रीजी, ये खुलने के लिए है.”

“हाँ तो खुलेगा. जब खोलना हो, ग्राइंडर मार लेना.”

“माल उतारते समय ग्राइंडर कौन मारेगा?”

“और भंगारवाला रात को ले गया तो आप कौन सा देने वाली हो?”

मी टाका घासून काढायला लावला. दुसऱ्या दिवशी दांड्याला तार गुंडाळलेली. तार काढली. तिसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं खिळीच्या भोकात इतका रंग भरला होता की खीळ फसली. शेवटी मी दांड्याला एक साखळी जोडून दिली, म्हणजे तो सुटला तरी हरवणार नाही. मिस्त्रीजींनी ती साखळी वेल्ड करून दिली आणि समाधानानं म्हणाले, “अब ठीक है.” साखळी हलते, पण जात नाही. हा तोडगा त्यांना पटला. असे सहा ट्रेलर गेले.

संक्रांतीच्या सुमारास बाबा आले. जयपूरची थंडी त्यांना सोसेना. घरात कानटोपी आणि दोन स्वेटर. गच्चीवर पोरं पतंग उडवत तेव्हा ते मफलर नाकापर्यंत घेऊन बघत बसत. मला त्यांना कारखाना दाखवायचाच होता. खरं सांगायचं तर खुंटा दाखवायचा होता. सातवा ट्रेलर तेव्हा आवारात उभा होता. खुंट्यांना तुटक्या पतंगांचा मांजा गुंडाळला गेला होता.

मी दांडा ओढला. पलीकडचे चारही खुंटे धाडकन आडवे झाले. बाबा दचकून एक पाऊल मागं सरले, त्या वाकड्या पावलावर. मग पुढं झाले. लोखंडाला हात लावून पाहिला. पूर्ण गाडीभोवती एक फेरी मारली, हळूहळू, देवळात मारतात तशी. डाव्या बाजूला येऊन दांड्यापाशी बराच वेळ थांबले. मग आवाराच्या भिंतीकडं पाहिलं, परत दांड्याकडं.

“कसा आहे?” मी विचारलं.

“छान हाय.”

मला तेवढं पुरलं नाही. संध्याकाळी जेवताना मी परत विषय काढला. तेव्हा त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “बेटा, हे गाड्या माल उतरवाले कुठं लावते?”

“यार्डात.”

“कशा लावते?”

मला वाटलं, त्यांना यंत्रणा समजून घ्यायची आहे. मी ताटातली पोळी गाडी समजून, चमचा सळई समजून त्यांना दहा मिनिटं सगळं समजावलं. स्प्रिंगवर किती ताण, खीळ कशी सरकते. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हाव. तुले मालूम.” आणि वरण मागितलं.

तीन आठवड्यांनी मालकांना एका गिऱ्हाइकाचा फोन आला की लॉक नीट चालत नाही. मालक म्हणाले, “बेटाजी, आप ही देख आओ.” शहराबाहेरच्या एका पाईपांच्या यार्डात मी स्कूटर घेऊन गेले. आमचा तिसरा ट्रेलर उभा होता. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत चहा पीत बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर तो उठला, हात जोडले आणि हसला.

“लॉक तो बढ़िया है मॅडमजी. बस आदमी दुबला चाहिए.”

मला कळलं नाही. त्यानं हाक मारली. एक सडपातळ, चाळिशीचा हमाल आला. त्यानं डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं, मागच्या चाकांपाशी जमिनीवर पालथा झाला आणि सरपटत ट्रेलरखाली शिरला.

तेव्हा मी गाडीकडं नीट पाहिलं. तिची डावी बाजू यार्डाच्या भिंतीला चिकटून होती. मधे हात जाईल एवढीच फट. यार्ड अरुंद, मधून दुसऱ्या गाड्यांना वाट हवी. ड्रायव्हरला उजवीकडचं दार उघडायला हवं. भिंतीपाशी दुपारपर्यंत सावलीही असते. गाडी दुसरीकडं कशी लावणार? माल उजवीकडं उतरणार, म्हणजे उजवे खुंटे पडायला हवेत, आणि त्यांचा दांडा मी डावीकडं बसवला होता. भिंतीकडं.

“रुको,” मी म्हणाले. पण मला वाटतं, ते मी पुरेशा मोठ्यानं म्हटलं नसावं.

त्यानं पोटाखालून माझी सळई हातानं ओढली. खुंटे पडले. पाईप गर्डरवरून घरंगळत निघाले, एकामागून एक, ठणठणत. चौथा की पाचवा पाईप गर्डरवर उड्या मारून तिरका झाला आणि त्याचं टोक मागच्या टायरवर येऊन आदळलं. तो हमाल त्या टायरच्या आत, अंदाजे दीड हातावर पडून होता. मला त्याचे फक्त तळवे दिसत होते. मी तळव्यांकडंच बघत राहिले. ते हलले, मग तो उलटा सरपटत बाहेर आला. छातीवरची माती झटकली.

“हर बार ऐसे ही करते हो?”

“और कैसे करें?” तो म्हणाला. त्यानं तक्रारीनं नाही, खरंच विचारलं. मी ज्या अर्थी इतकी लांबून आले, त्या अर्थी मला दुसरी रीत ठाऊक असेल असं त्याला वाटलं असावं.

जुन्या पद्धतीत माणूस मालाच्या पुढ्यात उभा राहायचा, पण निदान उभा असायचा. पळू शकायचा. मी त्याला आडवा केला होता.

घरी आले तेव्हा बाबा बाल्कनीत उन्हाला बसून तूर निवडत होते. मी हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

“मले वाटलंच होतं,” ते म्हणाले.

“काय वाटलं होतं?”

“भिंत असन म्हनून. वखारीत तसंच राहे. गाडी भिंतीलेच लावत.”

“तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?”

“हाव.”

“मग सांगितलं का नाही?”

“इचारलं ना मी. कशा लावते म्हनून.”

“ते विचारणं झालं का बाबा? सरळ म्हणायचं, पोरी चुकलं आहे.”

“मी कसा म्हनू? तू शिकली. मले वाटलं, तू त्याचा बी काही इचार केला असन. तुही सही होती त्याच्यावर.”

“सहीला काय कळतं?” माझा आवाज चढला. “तुमची बोटं गेली म्हणून मी हे करायला घेतलं. आणि ज्याची बोटं गेली तोच गप्प बसतो. तो माणूस आज गेला असता. तुम्ही मला दिलेल्या मानापायी गेला असता.”

हे मी बोलायला नको होतं. बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. लहानपणापासून पाहते, कुणी त्या पायाचा विषय काढला की ते तसं करतात. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. राग बाबांचा होता, तसाच स्वतःचाही होता. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना पोळीवर चमचा फिरवून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बळजबरीनं कारखान्यात नेलं. मालकांसमोर बसवलं आणि म्हटलं, सांगा. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. मालकांनी चहा दिला, “बोलिए भाईसाहब.” बाबा म्हणाले, “नहीं साहेब, सब अच्छा है. मॅडम को सब मालूम है.” स्वतःच्या मुलीला मॅडम.

बाहेर आलो तर मिस्त्रीजी सातव्या ट्रेलरपाशी बिडी ओढत होते. बाबा आपणहून त्यांच्याकडं गेले. दोघांचं मोडकंतोडकं हिंदी सुरू झालं. एकाचं चंद्रपूरकडचं, एकाचं मारवाडी.

“मिस्तरीजी, माल उतारने को गाडी लगाते ना, तो इधर दिवाल आती है.”

“दीवार तो हर जगह आती है.”

“मंग तुमने मॅडम को बोला काहून नहीं?”

मिस्त्रीजींनी बिडी टाचेखाली विझवली. “आप तो बाप हो. आप क्यों नहीं बोले?”

बाबांनी वाकून सळईकडं पाहिलं. मग मिस्त्रीजी माझ्याकडं न बघता म्हणाले, “ड्रॉइंग पे साइन था.”

मला तिथं ओरडावंसं वाटलं. ज्या कारखान्यात माझ्या दांड्याला न विचारता टाका मारतात, तार गुंडाळतात, भोकात रंग भरतात, तिथं एकच गोष्ट कुणी न विचारता बदलली नाही, आणि ती होती माझी चूक.

मी ऑफिसातून ड्रॉइंग आणलं, ट्रेलरच्या पाटावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर नट ठेवले आणि बाबांच्या हातात पेन्सिल दिली. “दाखवा.”

“कागद खराब होईन.”

“होऊ दे.”

“दुसऱ्या कागदावर काढतो.”

“नाही. यावरच.”

त्यांनी पेन्सिल कडेला टेकवली. इतकी हलकी रेघ की दिसेना. मी म्हटलं, दाबून काढा. मग त्यांनी गाडीच्या डाव्या अंगाला एक लांब, जाड, वाकडी रेघ ओढली. ती भिंत होती. नंतर आडव्या सळईवर बोट ठेवून ते बोट मागं मागं नेलं, पार शेपटीपर्यंत. “हे इकडून ओढता येत नाही काय? मागं जागा राहतेच. मागचा लाल दिवा फुटू नये म्हनून कोनीच ड्रायव्हर भिंतीले टेकवत नाही.”

मिस्त्रीजी हसले. “ये बात सही है. लाइट नहीं फोड़ेगा, आदमी भले लेट जाए.”

सळई मागं वळवायला मला चार दिवस लागले आणि मिस्त्रीजींना दोन. दांडा आता मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या चाकाच्या पलीकडं आहे. नव्या ड्रॉइंगवर मी भिंत छापून घेतली आहे, आणि दांड्यापाशी एक माणूस उभा काढला आहे. मालक म्हणाले, “बेटाजी, इसकी क्या ज़रूरत?” मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

प्रश्न आधीच्या सहा गाड्यांचा होता. बदल फुकट करून देऊ असं मालकांनी कबूल केलं, पण गाडी आणायची कुणी? एक दिवस उभी ठेवायला कुणीही तयार नव्हतं. प्रत्येकाचं उत्तर तेच: चल तो रहा है. मी फोन केले, ढाब्यांवर जाऊन ड्रायव्हरांना गाठलं, एकदा तर चालत्या ट्रेलरमागं स्कूटर घातली. तीन महिन्यांत पाच गाड्या आल्या. त्या यार्डातली सर्वांत आधी. सहावी कुणीतरी विकली, तो नवा मालक फोन उचलत नाही.

बाबा फेब्रुवारीतच गावी गेले. आधी त्यांचा फोन आला की जेवलीस का, जावई बरे का, एवढं झालं की ते रिसिव्हर ठेवत. आता मोबाईल आहे तरी ते फोन ठेवण्याला रिसिव्हर ठेवणंच म्हणतात. हल्ली ते जेवणाचं विचारत नाहीत.

परवा दुपारी फोन आला. “सहावी आली काय?”

“नाही बाबा. तो फोनच उचलत नाही. मी काय करू?”

मग ते म्हणाले, “चुकलं कोनाचं?”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं. मला वाईट वाटायला हवं होतं.

“माझं.”

“मंग फोन कायले करत बसली? जाय ना तिकडं.”

मी मिस्त्रीजींना विचारून त्या नव्या मालकाचा पत्ता काढला आहे. अजमेर रस्त्यावर कुठंतरी आहे म्हणतात. उद्या सुट्टी टाकली आहे. ग्राइंडर आणि एक वळवलेली सळई मिस्त्रीजींनी आपणहून बांधून ठेवली आहे. गाडी येत नसेल तर तिथंच बदलू, असं त्यांचं म्हणणं. स्कूटरवर सळई मावणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “टाँका मार दूँगा.”